लायटरवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरचे निळ्या जर्किनचे काका, एवढीच ओळख हाताशी आहे, म्हणून हे पत्र असं उघड्यावर.

काचबिंदूनं माझी कडेची नजर नेली. समोरचं दिसतं, पण नळीतून पाहावं तसं. झुडपातला पक्षी त्या नळीत येईपर्यंत उडून गेलेला असतो. तुमच्या आधी मी पैसे भरून एका ग्रुपबरोबर पक्षी बघायला गेले होते. मोठमोठ्या लेन्सा, त्याहून मोठा रुबाब. ‘हे कोण ओरडतंय?’ विचारलं, तर उत्तर आलं, ‘वटवट्या असेल. ते आम्हाला बघूनही ओळखू येत नाहीत, तुम्ही कशाला त्रास घेता मॅडम?’ मला सावलीत बसवून मंडळी पुढे गेली. सावली बरी होती, हे मात्र खरं.

तुम्ही भेटलात तेव्हा ऑगस्ट होता, गवत कमरेएवढं. ‘दिसला का?’ असं तुम्ही विचारलंच नाहीत. ‘काय ऐकू येतंय?’ म्हणालात.

‘जिवी-जिवी-जिवी. कुणीतरी एकच शब्द घोकतंय.’

‘राखी वटवट्या. शिंपी पक्षी टुविट-टुविट करतो, त्याचा आवाज याच्याहून खणखणीत. साधा वटवट्या किड्यासारखा किरकिरतो. आणि हा राखी उडताना ठिणग्या पडल्यासारखा कट-कट वाजतो.’

ती कट-कट काही मला कळली नाही. शाळेत डोलवायचो तशी मी मान डोलावली.

ते तुमच्या लक्षात आलं असणार. कारण पुढच्या रविवारी तुम्ही खिशातून रुमालात गुंडाळलेला गॅसचा लायटर काढलात आणि माझ्या कानाजवळ तीनदा दाबलात. ‘हे असं. पंखांनी करतो की चोचीनं, यावर अजून वाद आहे. आता थांबू.’ बराच वेळ आपण दोघं गप्प उभे. मग डावीकडच्या घाणेरीतून कट-कट-कट! लाल डोळे, राखाडी पाठ, तांबूस पोट, सारखी हलणारी लांब शेपटी, हे सगळं तुम्ही नंतर सांगितलंत. मला तो आधीच भेटला होता.

राहून राहून तो लायटरच आठवतो. आठवडाभर एका अनोळखी बाईची अडचण ध्यानात ठेवायची आणि भल्या पहाटे निघताना ओट्यावरचा लायटर आठवणीनं उचलायचा! काकूंचा चहा त्या दिवशी काडेपेटीवर झाला असेल, त्यांनाही माझा नमस्कार सांगा. माहिती पुष्कळांकडे असते हो. ती समोरच्याच्या कानापर्यंत नेऊन पोचवणारे थोडे, आणि ते नेमके बिनलेन्सचे निघतात.

काल आमच्या पार्किंगमागच्या जास्वंदीत जिवी-जिवी सुरू झालं. सून म्हणाली, ‘आई, कोण हो हा?’ मी न बघता सांगितलं. मग तिला स्वयंपाकघरातून लायटर आणायला पाठवलं.

तुमची,
नळीतून बघणारी बाई