चहाचे मग, मोजे आणि तुझी यादी

प्रिय निखिल,

अनेक आशीर्वाद.

करार संपत आलेल्या तुमच्या अमेरिकी सैन्यातल्या पोरांना थांबवण्यासाठी काय वाटायचं, त्याची तुझी यादी दोनदा वाचली. चहाचे मग, पाण्याच्या बाटल्या, टोप्या, मोजे, हूडी आणि खाली प्रश्न : "आई, यातलं काय दिलं तर पोरं थांबतील?" 22 वर्षं दुसऱ्यांची नावं मगांवर छापणाऱ्या बाईला विचारतोयस, म्हणून सरळ सांगते. यातलं काहीही दिलंस तरी त्यासाठी कोणी थांबणार नाही. पण म्हणून देऊच नकोस, असंही माझं म्हणणं नाही.

आधी एक मिटवून टाकू. हे काम मी घेणार नाही. सरकारी पैशाने आईकडून माल घेतलास तर पोरं राहतील बाजूला, तुझीच चौकशी लागेल. सल्ला मात्र फुकट.

मोठ्या परिषदांना माल पोचवायला मी स्वतः जायचे आणि संध्याकाळी उरलेलं परत आणायलाही. निघताना कचऱ्याच्या डब्यांत डोकावायची सवय लागली होती. सकाळी रांग लावून घेतलेली पेनं आणि कीचेन त्यात पडलेली असायची. सगळ्यांना मिळते ती वस्तू कोणाचीच होत नाही. एकदा 40 लोकांसाठी, प्रत्येकाचं नाव कोरलेल्या छोट्या पट्ट्या केल्या होत्या. त्यातली एकही डब्यात दिसली नाही.

तुमच्याकडे ही युक्ती जुनीच आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात 1861 साली तीन वर्षांच्या कराराने आलेल्या सैनिकांची मुदत 1864 मध्ये संपत होती, आणि लढाई तर ऐन भरात. सरकारने त्यांना पुन्हा करार करण्यासाठी 400 डॉलर दिले, 30 दिवसांची घरची रजा दिली आणि बाहीवर शिवायची एक पट्टी दिली. ती पट्टी म्हणजे तुझ्या मगाची पणजी! शिवाय एक अट होती : रेजिमेंटमधल्या तीन चतुर्थांश लोकांनी पुन्हा सही केली तर रेजिमेंटचं नाव टिकेल. सुमारे 1,36,000 जण थांबले. मला विचारशील तर घरची रजा आणि त्या नावाची ओढ यांनी पैशांइतकंच काम केलं असणार. आणि पट्टी चालली, कारण ती विकत मिळत नव्हती. जो आधी लढून पुन्हा राहिला होता, त्याच्याच बाहीवर ती दिसायची.

आता तुझंच उदाहरण घे. पहिला करार संपत आला तेव्हा तू सोडणारच होतास, मला फोनवर सांगूनही झालं होतं. मग त्या सार्जंटने तुला तासभर बसवून घेतलं, पुढे काय शिकायचंय ते विचारलं आणि तो कोर्स करारात लिहून घेतला. त्या दिवशी तुला एक काळी पिशवीही मिळाली होती. ती इथेच आहे, तिच्यात मी एक्स्टेन्शनच्या वायरी ठेवते. पिशवीमुळे राहिलास का रे तू?

त्या तासभरात तुझ्या बायकोला, गौरीला मात्र कोणी काही विचारलं नाही. तुमच्याच सैन्यात म्हणतात ना, भरती सैनिकाची होते, पण पुढचा करार त्याच्या घराशी होतो? मग घरच्यांना बोलाव. या भेटवस्तूंसाठी कायद्यात कलम 2261 आहे. सैनिकांना टिकवण्यासाठी आठवण म्हणून द्यायची नाणी, झेंडे, पोस्टर अशा 50 डॉलरच्या आतल्या वस्तू त्यात बसतात आणि त्या घरच्यांनाही देता येतात. हूडी त्यात बसते का, हे ऑर्डरआधी तुमच्या वकिलांना विचार.

तुझं काम पूर्वीपेक्षा कठीण आहे, हे मला कळतं. आधी 20 वर्षं पुरी केली तरच पेन्शन होती, त्यामुळे 12-13 वर्षं झालेला माणूस सहसा उठायचा नाही. 2018 पासूनच्या नव्या पद्धतीत 20 वर्षांनंतर मूळ पगाराच्या 50 ऐवजी 40 टक्के मिळतात, पण सरकार बचत खात्यात भर घालतं आणि लवकर निघणाराही ती रक्कम घेऊन जातो. पोरांच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण आता माणसाला अडवून ठेवता येत नाही, त्याचं मन वळवावं लागतं.

आणि वळवताना तोंडी काही कबूल करू नकोस. कॅलिफोर्नियाच्या नॅशनल गार्डचं, म्हणजे त्या राज्याच्या राखीव सैन्याचं, आठवतं? इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांच्या काळात माणसं टिकवायला हजारो डॉलरचे बोनस दिले, आणि कित्येक वर्षांनी, नियमात बसत नव्हते म्हणून, सुमारे 10,000 जणांकडे ते परत मागितले. त्यात युद्धावर जाऊन आलेले होते. 2016 मध्ये संरक्षणमंत्री ॲश कार्टर यांनी ती वसुली थांबवली. चूक कागद करणाऱ्यांची, पत्रं मात्र सैनिकांच्या घरी. तसं पत्र हातात पडलेल्या माणसाला 'सेवेबद्दल आभार' छापलेला मग कसा दिसत असेल!

म्हणून माझं ऐकशील तर यादीतल्या पाचही वस्तू काढून टाक. एकच घे, नाणं घे. एका बाजूला तुकडीचं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला त्या माणसाचं नाव. ते सहीच्या आधी दाखवायचं नाही, सही झाल्यावर सगळ्यांसमोर द्यायचं. आणि जो नाही म्हणेल, सोडून जाईल, त्यालाही द्यायचं. तुझा कमांडर म्हणेल, जाणाऱ्यावर खर्च कशाला? त्याला सांग, मागे राहिलेले बघत असतात. आणि कलम नुसतं थांबणाऱ्यांसाठी आहे की जाणाऱ्यालाही चालतं, तेही त्याच फेरीत विचारून घे.

चहाचे मग घ्यायचेच असतील तर निदान एका रंगात छापून घे. स्क्रीनच्या छपाईत जितके रंग तितके स्क्रीन आणि तितका खर्च. मगावर वर्ष तर मुळीच घालू नकोस. जानेवारीत उरलेली खोकी कोणी घेत नाही, माझ्या गॅरेजमध्ये अजून तीन पडून आहेत.

गौरीला सांग, रविवारी तिच्याशी बोलायचंय. तू नंतर.

तुझी,
आई