केसपेपरवर चुलीची नोंद घ्या

मा. आरोग्यमंत्री,
गोवा राज्य

सप्रेम नमस्कार.

सत्तरीत कुठल्याही घरी विचारा, गॅस आहे असंच सांगतील, आणि ते खरं आहे. पण न्हाणीतल्या पाण्याचा हंडा अजून लाकडांवर तापतो. उकड्या तांदळांसाठी भात उकडायचा तोही चुलीवरच. सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून पेजही चुलीवर जाते. पावसात लाकडं आणि नारळाची सोडणं ओली, दारं-खिडक्या बंद. जाळ कमी, धूरच जास्त. कागदावर मात्र हे घर गॅसवर गेलेलं असतं, म्हणून दवाखान्यात चुलीबद्दल कुणी विचारत नाही.

साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे की ते विचारलं गेलं पाहिजे.

दम लागतो म्हणून पुरुष आला तर विडी-सिगारेट ओढता का, हे विचारलं जातं. त्याच तक्रारीची बाई आली की ती ओढत नाही, म्हणून दमा किंवा अशक्तपणा लिहून गोळ्या मिळतात. जन्मभर विडीला हात न लावलेल्या बाईला सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार) होतो, तो बहुतेकदा चुलीपाशी बसून. मोतीबिंदूचा धोका वाढतो. गरोदर बाईच्या रक्तात धुरातला कार्बन मोनॉक्साइड गेला की पोटातल्या बाळाला प्राणवायू कमी पडतो आणि ते कमी वजनाचं जन्मण्याची शक्यता वाढते.

पुरुष यातून सुटलेले नाहीत. धुरातले सूक्ष्म कण फुफ्फुसांत खोल जातात, रक्तवाहिन्यांना इजा करतात, आणि हृदयविकार, पक्षाघात वाढतात. हे आजार पुरुषांत आधीच जास्त; त्यामुळे धूर कमी घेऊनही नुकसान मोठं होतं. काजूच्या हंगामात फेणी गाळायच्या भट्टीपाशी रात्र रात्र बसणाऱ्यांचा तर कुणी विचारच केलेला नाही. त्यातला जो विडीही ओढतो, त्याच्या छातीवर दुहेरी मारा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरगुती धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. सूक्ष्म कणांसाठी तिने २०२१ मध्ये घालून दिलेली मर्यादा २४ तासांच्या सरासरीने घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे. बंद स्वयंपाकघरात ओलं लाकूड धुमसत असताना आकडा शेकड्यांत जातो.

म्हणून विनंती अशी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर एक ओळ छापा: घरात किंवा कामावर लाकूड जळतं का, दिवसाला किती तास? बाई असो वा पुरुष, दोघांनाही विचारा. खोकला-दम असलेल्याची फुंकून करायची स्पायरोमेट्री, म्हणजे फुफ्फुसांची तपासणी, तालुक्यातच व्हावी. त्यासाठी म्हाताऱ्या बाईला बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळापर्यंत बस बदलत जायला लावू नका. आणि न्हाणीच्या पाण्यासाठी सौर बंब घेणाऱ्या गरीब घरांना मदत द्या. रोज पेटणारी ती एक चूल बंद झाली तर बराच धूर तिथेच थांबेल.

सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा या तालुक्यांपासून सुरुवात करा. पावसाळ्याआधी झाली तर बरं.

आपली नम्र,
सत्तरीतील एक रहिवासी