ताई, माझ्या मुलाच्या हातच्या मोदकांबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर बोलायला गेले की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुमच्यासारख्या शिक्षिकांच्या, विशेष मुलांच्या वर्गात नेमकं काय चालतं हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. मुलांना कशात तरी गुंतवून ठेवतात, एवढीच लोकांची समजूत. एका परातीमागे तुमची किती तयारी असते ते मी जवळून पाहिलंय.

माझा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. तुमच्याकडे आला तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि ओल्या, चिकट वस्तूला हात लावत नव्हता. भाताचं एक शीत बोटाला चिकटलं तरी जेवण तिथेच थांबायचं. आधीच्या एका शाळेत त्याचे हात धरून रंगात बुडवले होते. नंतर कितीतरी दिवस तो गणवेश पाहूनच रडायचा. तुम्ही त्याचा हात एकदाही धरला नाहीत. त्याबद्दल सगळ्यात आधी आभार.

आषाढात तुमच्या वर्गाचा विषय होता पाऊस. परातीत कोरडे तांदूळ, त्यात लपवलेले प्लास्टिकचे बेडूक, आणि पत्र्याच्या डब्यावर मूठमूठ तांदूळ सोडले की होणारा सरींचा आवाज. तो कोपरापर्यंत हात घालून बसायचा. मग तांदळाच्या जागी तांदळाचं पीठ आलं. नागपंचमीला बाकीच्यांनी मातीचे नाग केले, तेव्हा त्याला तुम्ही भिजवलेली शाडू जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून दिलीत. मऊपणा हाताला कळायचा, ओल लागायची नाही. पोळ्यापर्यंत पिशवीचं तोंड उघडलं. बैलाचं एक शिंग त्याने एका बोटाने दाबून बसवलं आणि लगेच हात पुसला. हात पुसायचा रुमाल तुम्ही कायम त्याच्या उजव्या हाताशी ठेवत होतात. नको वाटलं तर थांबता येतं, हे त्याला पटलं आणि मगच तो पुढे सरकला.

गणपतीत मोदक. कृती तुम्ही शेवटाकडून शिकवता. पहिल्या वर्षी त्याचं काम एवढंच की तयार मोदक उचलून चाळणीत ठेवायचा. काम पूर्ण झाल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याच्या वाट्याला आला. पुढच्या वर्षी साचा उघडून मोदक अलगद काढायचा, मग सारण भरायचं, आणि सगळ्यात शेवटी, हाताला तेल लावून, उकड साच्यात दाबायची. प्रत्येक पायरीचं चित्र भिंतीवर. पायरी झाली की चित्र उलटं करायचं. कुकरच्या शिट्यांचंही तसंच. शिटीच्या आवाजाने तो कान झाकून टेबलाखाली जायचा. तुम्ही दोऱ्यात तीन मोठे मणी ओवून दिलेत, शिटी झाली की एक मणी सरकवायचा. किती उरल्या हे दिसत असलं की त्याला भीती वाटत नाही.

गेल्या चतुर्थीला आमच्या घरी सासूबाईंनी उकड काढली आणि नैवेद्याचे एकवीस मोदक त्याने केले. साच्याचे मोदक सासूबाईंना मुळीच पसंत नाहीत, हाताच्या कळ्याच हव्यात. पण त्या दिवशी आरतीला आलेल्या प्रत्येकाला त्या "आमच्या नातवाने केलेत" असं सांगून मोदक वाढत होत्या. घरातल्या सणाला इतकी वर्षं त्याला सांभाळण्यासाठी एक माणूस लागायचं. आता सणाचं एक काम त्याच्यावाचून अडतं. तुम्ही उपक्रम पंचांगाच्या हिशोबाने आखता म्हणून हे झालं. वर्गात शिकलेलं त्याच आठवड्यात घरच्या ओट्यावर उपयोगी पडतं.

संक्रांतीचंही सांगायलाच हवं. पाकातले लाडू गरम गरम वळावे लागतात, मुलांचे हात पोळतील, म्हणून तुम्ही तीळ, दाण्याचं कूट आणि मऊ गूळ एकत्र करून पाकाशिवाय लाडू करता. दाणे चोळून सालं फुंकायला सगळे तयार असतात. कूट मात्र खलबत्त्यात आणि ते काम माझ्या मुलाकडे, तेही दिवसाच्या सुरुवातीला. असं का, ते तुम्ही समजावून सांगितलंत. कुटताना, जड पातेलं उचलताना स्नायूंना आणि सांध्यांना जोर लागतो, त्याने अशा कित्येक मुलांचं शरीर शांत होतं. अमेरिकेतल्या जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी संवेदनांच्या एकत्रीकरणाचा, म्हणजे स्पर्श, आवाज, हालचाल यांची मेंदू सांगड कशी घालतो याचा विचार १९७०च्या दशकात पुस्तकरूपाने मांडला, हेही तुमच्याकडूनच कळलं. आता घरी तो अस्वस्थ झाला की मी त्याला दळणाचा डबा उचलून आणायला सांगते. दर वेळी जमतंच असं नाही, पण बऱ्याचदा जमतं.

त्याच्या वर्गात सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेली एक मुलगी आहे, तिची बोटं मिटलेलीच असतात. तिच्यासाठी मिक्सरला लांब वायरचा बोर्ड जोडून त्याचं बटण तुम्ही तिच्या कोपराशी ठेवलंत. कूट बारीक करायचं तर तिने बटण दाबल्याशिवाय मिक्सर फिरत नाही आणि सगळा वर्ग तिच्याकडे बघत थांबतो. त्या वेळचा तिचा चेहरा तिच्या आईने पाहिलाय. त्या माउलीतर्फेही हे आभार.

दिवाळीच्या प्रदर्शनातल्या पणत्यांबद्दल बोलते. अनेक ठिकाणी मुलांच्या नावावर मोठ्यांनी रंगवलेल्या सुबक पणत्या विकायला ठेवतात. तुमच्या टेबलावरच्या पणत्यांचा रंग काठाबाहेर गेलेला असतो, आकाशकंदिलाची एक झिरमिळी लांब, एक आखूड. कुणी नाक मुरडलं तरी तुम्ही त्यावर ब्रश फिरवत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. आमच्या मुलांच्या हातचं काम आहे तसं जगासमोर ठेवायची हिंमत आम्हा पालकांनाही तुमच्यामुळे आली.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यात स्वमग्नतेचं नाव आलं. आमच्यासाठी ती मोठी गोष्ट होती. पण रोजच्या दिवसात तो कायदा खरा होतो तो तुमच्यासारख्या शिक्षिकांमुळे, ज्या रविवारी मंडईत हिंडून सोलायला सोपा म्हणून टपोरा मटार शोधतात, आणि त्याचे पैसे पुष्कळदा स्वतःच्या पर्समधून देतात. हे पैसे शाळेने द्यायला हवेत, असं मी पालक सभेत मांडणार आहे. तुम्ही मला अडवू नका.

एक विनंती आहे. तुमच्या त्या निळ्या वहीत महिन्यावार उपक्रम, कुणाला काय जमेल, कुणाला कशाचा त्रास होतो, हे सगळं लिहिलेलं असतं. मुलांची नावं झाकून तिची झेरॉक्स काढू द्याल का? आमच्या पालकांच्या गटात तालुक्याच्या गावची एक आई आहे, तिथे जवळपास विशेष शाळा नाही. तिची मुलगीही कणकेला हात लावत नाही. मी तिला तांदळाच्या परातीपासून सुरुवात करायला सांगितलंय. पुढचं तुमच्या वहीतून सांगता येईल.

तुमची कृतज्ञ,
एक आई