आधी सीट लावा, मग गाणे लावा

प्रति,
संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर किंवा नवी मुंबईत पामबीच रस्त्यावर सायकल काढायची सोय राहत नाही. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही आणि शेजारून जाणारी गाडी वेग कमी करत नाही. त्यामुळे कासारवडवलीपासून खारघरपर्यंत जिममध्ये आणि सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये इनडोअर सायकलिंगचे, म्हणजे जागेवरच्या सायकलींवर गाण्याच्या तालात व्यायाम करायचे, वर्ग भरू लागले आहेत, हे चांगलेच आहे. पण पहिल्या आठवड्यात जागा मिळत नाही आणि महिनाभराने निम्म्या सायकली रिकाम्या, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. मग 'लोकांना चिकाटी नाही' असे म्हटले जाते. आम्हाला ते मुळीच पटत नाही. पहिल्याच दिवशी गुडघा भरून आला, बसायची जागा दुखली आणि कान सुन्न झाले, तर माणसाने दुसऱ्या दिवशी का यावे?

वर्ग रंगतो तो गाणे सुरू होण्याआधीच्या दहा मिनिटांत. सायकलीशेजारी सरळ उभे राहा आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ हाताने चाचपा. सीट साधारण त्या उंचीला हवी. मग बसून एक पेडल अगदी खाली न्या. त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा आणि चवडा ठेवला तर गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा हलका बाक राहावा. सीट खाली राहिली की गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो आणि पुढून दुखू लागते. फार वर गेली की प्रत्येक फेऱ्याला कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि गुडघ्यामागची शीर ओढली जाते. सीट पुढे-मागेही सरकते, हे पुष्कळांना कोणी सांगितलेलेच नसते. दोन्ही पेडल आडव्या रेषेत आणली की पुढच्या पायाचा गुडघा पेडलच्या आसाच्या बरोबर वर यावा. नवख्या माणसाचे हँडल सीटच्या उंचीला किंवा दोन बोटे वरच ठेवावे. पाठ दुखणाऱ्यांचे त्याहूनही वर चालेल. शेवटी सीट अडकवणारी पिन खोबणीत पूर्ण बसली ना, हे सीट हलवून बघायचे. अर्धवट अडकलेली पिन उभ्याने चालवताना सुटू शकते.

एका माणसाला यासाठी दोन-तीन मिनिटे लागतात. म्हणजे सहा नवे लोक येणार असतील तर प्रशिक्षकाने निदान पंधरा मिनिटे आधी यायला हवे. दांड्यांवर आकडे असतातच. 'उंची ७, पुढे ४, हँडल ९' असे चिठ्ठीवर लिहून द्या, की दुसऱ्या दिवशी साठीच्या काकूही आपली सायकल आपणच लावतात.

दुसरी गोष्ट ब्रेकची. या सायकलीचे जड चाक पेडलला थेट जोडलेले असते. पाय थांबवला तरी चाक थांबत नाही, उलट तेच पाय ओढून नेते. बहुतेक सायकलींवर पेडलचा जडपणा कमी-जास्त करायचा नॉब खाली दाबला की चाक थांबते. गाणे लावण्यापूर्वी प्रत्येकाकडून हे दोनदा करून घ्यावे. बुटाची नाडी आत खोचलेली हवी, पट्टा चवड्यावर घट्ट पण बोटांना मुंग्या येणार नाहीत इतपत हवा, आणि ओढणी व पायघोळ पलाझो वर्गाबाहेर.

आता नॉबबद्दल, कारण सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. 'सगळ्यांनी नॉब दोन वेळा फिरवा' ही सूचना निरर्थक आहे. घर्षणाने ब्रेक लागणाऱ्या सायकलींत प्रत्येकीचे पॅड कमी-जास्त झिजलेले असते. एकीवर दोन फेऱ्यांत चढ लागतो, शेजारचीवर काहीच जाणवत नाही. म्हणून जाणिवेच्या भाषेत बोलावे. सपाटी म्हणजे पूर्ण वाक्य बोलता यावे. चढ म्हणजे चार-पाच शब्दांनंतर श्वास घ्यावा लागावा. जोराचा टप्पा म्हणजे फक्त 'हो' आणि 'नाही'. या मापाने पंचविशीतला तरुण आणि गुडघे जपणारे काका एकाच गाण्यावर, आपापल्या जोराने, शेजारी शेजारी बसून चालवू शकतात. समूहाची खरी मजा तीच. तिथे कोण पुढे आणि कोण मागे, हे पडद्यावर झळकवायची गरज नाही.

संगीत निवडताना कानाआधी पायांचा हिशेब करावा. सपाटीवर मिनिटाला ८० ते ११० फेरे आणि चढावर ६० ते ८० ही रूढ मर्यादा आहे. मोजायला सोपे: पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजा आणि चारने गुणा. मिनिटाला १२८ ठोके असलेल्या गाण्यात प्रत्येक ठोक्याला एक पाय खाली गेला तर ६४ फेरे होतात, म्हणजे ते चढाचे गाणे. ९५ ठोक्यांच्या गाण्यात दर ठोक्याला फक्त उजवा पाय धरला की ९५ फेरे, म्हणजे सपाटी. कोळीगीताचा झुलता ठेका सुरुवातीला अंग मोकळे करायला छान वाटतो. ढोल-ताशा मात्र जपून वापरा. लय चढत गेली की निम्मा वर्ग ती पकडतो आणि निम्मा विस्कटतो. ज्याची लय मध्येच बदलते ते गाणे कितीही लाडके असले तरी इथे नको.

पंचेचाळीस मिनिटांचा वर्ग ठाण्याच्या उपवन तळ्यापासून येऊरच्या डोंगरावर जाऊन आल्यासारखा बांधता येतो. तळ्याकाठी सात मिनिटे हलके, मग आठ-नऊ मिनिटे सपाटी, सहा मिनिटे पहिला चढ बसून, दोन मिनिटे उसंत. त्यानंतर ३० सेकंद जोर आणि ६० सेकंद आराम असे पाच वेळा. शेवटचा पाच मिनिटांचा चढ, हवे तर त्यात उभे राहून, आणि निदान सहा मिनिटे उतार. पुढे काय येणार आहे आणि किती वेळ, हे आधी सांगावे. 'अजून थोडे, अजून थोडे' करत ताणलेला चढ माणसाचा विश्वास घालवतो.

हँडलवर जोर काढणे, पेडल मारता मारता डंबेल उचलणे आणि नॉब मोकळा सोडून सीटवर उड्या मारत १२० च्या वर पाय फिरवणे हे दिसायला जोरकस असते. त्यातून मांडीला काम मिळत नाही, कंबरेला आणि सांध्यांना धक्के मात्र बसतात.

नवख्यांच्या बाबतीत एक गोष्ट आम्ही कळकळीने सांगतो. पहिल्या दोन-तीन वेळा वीस-पंचवीस मिनिटेच, बसून, आणि हवे तेव्हा उतरायची मोकळीक. सवय नसलेल्या मांड्यांवर एकदम जोर पडला तर स्नायू तुटून त्यातील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात आणि पहिल्याच सायकलिंग वर्गानंतर ते झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. एक-दोन दिवसांनी मांड्या प्रचंड दुखून सुजल्या आणि लघवी गडद चहासारखी झाली, तर घरी मलम चोळत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावे.

आपल्याकडच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, आणि नुसते एसी लावून दारे-खिडक्या बंद केली की ताजी हवा मिळत नाही. बाहेरची हवा आत येऊ द्या आणि मोठे पंखे प्रत्येक रांगेकडे वळवा. दर पंधरा मिनिटांनी चार-सहा घोट पाणी, आणि वर्गानंतर मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत.

आवाजाचेही माप आहे. ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असा कानांच्या सुरक्षेचा एक प्रचलित निकष आहे. म्हणजे ९४ ला जेमतेम एक तास. दिवसातून तीन वर्ग घेणाऱ्या प्रशिक्षकाचे कान त्यात सर्वांत आधी जातात. निवासी भागात ध्वनीची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. साडेपाचचा वर्ग असेल तर वरच्या मजल्यावर झोपलेल्यांचा विचार व्हायलाच हवा. प्रशिक्षकाला डोक्यावर लावायचा माइक द्या. गाणे कमी ठेवूनही सूचना ऐकू येतात.

सोसायटीच्या समित्यांना आमची विनंती आहे की सायकली घेताना देखभालीचेही पैसे बाजूला ठेवावेत. घामातले मीठ दांड्या गंजवते. प्रत्येक वर्गानंतर कोरड्या फडक्याने सायकल पुसणे आणि आठवड्यातून एकदा पेडल पान्याने आवळणे एवढे तरी व्हावे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते डावीकडे फिरवून घट्ट होते. हे माहीत नसलेल्याने जोर लावला तर आटे जातात, आणि मग पेडल ज्यावर बसते तो क्रँकच बदलावा लागतो.

– ठाणे व नवी मुंबईतील काही इनडोअर सायकलिंग प्रशिक्षक