सराफ्यात भेटलेला पंकवाला

प्रिय मित्रा,

फोटो पाठवला न पाठवला तोच तुझा मेसेज हजर, "एवढा भारी मोहॉक आणि तू वरून कापलास? फ्रेममध्ये जागा नव्हती का?" पोराच्या डोक्यावरच्या त्या उभ्या केसांच्या तुऱ्याला जागा होती रे, भरपूर होती, मुद्दाम कापलाय. पण हे व्हॉट्सअ‍ॅपवर समजावत बसलो तर तू मध्येच दोन इमोजी टाकून पळशील, म्हणून निवांत पत्रच लिहितोय. चहा घेऊन बस.

तर घरी पाहुणे आलेले, आणि पाहुण्यांना रात्री सराफ्यात खायला नेलं नाही तर आपण इंदूरला आलो असं त्यांना वाटतच नाही. मंडळी भुट्टे का कीस, जलेबी करत करत पुढे सरकली आणि मी कॅमेरा गळ्यात अडकवून मागे रेंगाळत होतो. थंडी मस्त पडलेली, गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, कढईभोवती ही गर्दी, आणि त्या गर्दीत सगळ्यांच्या डोक्यांच्या वर वीतभर हिरवं काहीतरी, मला आधी वाटलं कुणीतरी झाडू उलटा धरून उभा आहे. जवळ गेलो तर पंचविशीतला एक पोरगा. काळं लेदर जॅकेट, पाठीवर बेस गिटारची बॅग, कानात सेफ्टी पिन, आणि हातात गराडूचा द्रोण, अगदी मन लावून खात होता. गराडूवाला रंगपंचमीच्या मिरवणुकीवरून त्याची खेचतोय, "रंगपंचमी में तो अभी टाइम है भिया, गेर से सीधे आ रिये हो क्या?" लोक हसले, तोही हसला आणि वरचा मसाला मागत म्हणाला, "जिरावण और डालो."

चोरून काढता आला असता फोटो. तुझं नेहमीचं म्हणणं मला पाठ आहे, की विचारलं की चेहरा मरतो. रस्त्यावर भाजी निवडणाऱ्या बाईच्या बाबतीत असेल तसं, पण हा माणूस घरून निघताना तासभर आरशासमोर उभा होता, आपण कसे दिसायचं ते त्यानं ठरवलंय, त्याच्याकडून काय चोरायचं? विचारलं, "भिया, एक फोटो ले लूँ?" त्यानं तोंड भरलेलं असल्यामुळे हातानंच थांब म्हणून खूण केली. तेवढ्यात बायकोचा फोन, मी म्हणालो, "हो गं, इथेच आहे, गराडूपाशी," तर हा घास गिळून म्हणतो, "काका, मराठी का?"

संपलंच मग. आजी राजेंद्र नगरात, हा पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवार बँड, आणि इथे एका कॅफेत वाजवायला आलेला, त्या निमित्तानं आजीकडे मुक्काम. म्हणाला, "काढा की फोटो, पण पैसे पडतील हां." आणि मग स्वतःच सांगायला लागला की ऐंशीच्या दशकात लंडनच्या किंग्ज रोडवर पंक, म्हणजे बंडखोर रॉकवाली, पोरं टुरिस्टांकडून फोटोचे पैसे घ्यायची, त्यांची पोस्टकार्डं सुद्धा विकली जायची. मला गंमत वाटली, 1976-77 ला सगळ्या दुनियेला शिव्या घालत आलेली ही मंडळी, आणि थोड्याच वर्षांत रस्त्यावरचं बघण्यासारखं ठिकाण होऊन बसली. पैशाऐवजी एक प्लेट गराडू ठरलं.

केसांचं विचारलं. हे असे उभे राहावेत म्हणून कुणी जिलेटिन लावतं, कुणी अंड्याचं पांढरं, कुणी नुसता हेअरस्प्रे. आजीच्या घरात अंडं चालत नाही, म्हणून इंदूरच्या मुक्कामात याचा मोहॉक अंगाच्या साबणावर. आजीनं बघून फक्त एवढंच म्हटलं की झोपताना उशीला जुना टॉवेल घाल. ही आजी इंदूर घराण्याच्या उस्ताद अमीर खाँची भक्त बरं का. आता तूच बघ, ज्या गावात खाँसाहेब वाढले, अतिविलंबित झूमरा तालात एकेक सूर असा उलगडायचा की ऐकणाऱ्याला घड्याळच आठवू नये, त्या गावात हिचा नातू दोन मिनिटांत गाणं संपवतो. तो म्हणाला, "काका, रामोन्स बँडच्या 1976 च्या पहिल्या रेकॉर्डवर चौदा गाणी आहेत आणि सगळी मिळून अर्धा तास पण नाही." मी म्हटलं, तेवढ्यात आजीचा एक बडा ख्याल पण व्हायचा नाही. तर म्हणे, "आजी पण हेच म्हणते."

आता फोटोचं. सराफ्याची एक सोय म्हणजे दिवसाची सोन्या-चांदीची दुकानं रात्री बंद आणि खाण्याचे ठेले त्यांच्यापुढे, म्हणजे मागे शटरच शटर. करड्या रंगाच्या आडव्या पन्हाळ्या, याहून चांगला पडदा स्टुडिओत मिळत नाही. त्याला कढईपासून दोन पावलं बाजूला घेतलं, ठेल्याचा उघडा एलईडी बल्ब डावीकडून त्याच्या गालावर. या स्वस्तातल्या बल्बांचं तुला माहितीच आहे, आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे ते सेकंदाला शंभर वेळा मिचमिचतात, शटर फार वेगात ठेवलं की फोटोवर काळे पट्टे. म्हणून 1/100 वर लॉक केलं, 50 ची लेन्स, अ‍ॅपर्चर 2.2, आयएसओ 3200. आणि काळं जॅकेट अर्धी फ्रेम व्यापून बसलेलं, कॅमेरा बिचारा काळ्याला करडं करायला बघतो आणि त्या नादात चेहरा पांढराफटक करतो, म्हणून एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्मा. हे सगळं बोटांनी आपोआप होतं, तोंडानं मी आजीबद्दलच बोलत होतो.

पहिला फोटो त्याचा, म्हणजे त्याच्या मनाचा. हनुवटी वर, डोळे बारीक, ओठ वाकडा, केस शेंड्यापर्यंत पूर्ण. व्यवस्थित आला. मग मी म्हटलं आता एक माझ्या मनाचा, थोडा पुढे गेलो, आणि विचारलं की जॅकेटवरचे पॅच कुणी शिवले. त्यानं खाली बघून हातानं एक पॅच धरला आणि सांगितलं, स्वतः शिवले, साध्या दोऱ्यानं नाही तर डेंटल फ्लॉसनं, ते तुटत नाही, पंकवाले असंच शिवतात. त्या वेळी त्याची बोटं बघितली मी. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना बेसच्या जाड तारांचे घट्टे, नखांवरचं काळं नेलपॉलिश अर्धं उडालेलं, आणि घट्ट्यांच्या भेगांत पिवळट जिरावण अडकलेलं. आणि पांढरे टाके, एक लांब एक आखूड, पुरुषमाणसानं रात्री बसून घातलेले असतात तसे. तो टाके दाखवत होता आणि चेहऱ्यावर कसला तरी अभिमान होता, हनुवटीवाला नाही, वेगळाच. तेव्हा दाबलं.

आता सांग, त्यात केस पूर्ण घ्यायचे असते तर मला मागे जावं लागलं असतं, मग बोटं गेली, टाके गेले. आणि समज मागे न जाता कसेबसे बसवले असते, तरी काय झालं असतं? ते हिरवं फ्रेममध्ये पूर्ण आलं की बघणाऱ्याची नजर वर जाते आणि तिथेच अडकते, खाली चेहरा आहे हे लोक विसरतात. भुवईच्या वर चार बोटं ठेवून कापलं, म्हणजे हिरवं आहे हे कळतं पण हुकूम चालत नाही त्याचा. या मुलाचे फोटो रोज कुणी ना कुणी काढत असणार, त्या रात्री पण चार मोबाइल वर झालेच होते, आणि ते सगळे फोटो केसांचेच.

त्याला स्क्रीनवर दाखवला तर पहिली प्रतिक्रिया तुझीच, "काका, केस कुठे गेले?" मग जरा वेळ बघत राहिला, झूम करून बोटं बघितली, आणि म्हणाला, "हा आजीला पाठवतो, पहिला बँडला." मी जरा वाद घातला, तर त्यानं मला गप्पच केलं. म्हणे 1979 मध्ये न्यूयॉर्कला क्लॅश बँडचा पॉल सिमोनन स्टेजवर बेस आपटून फोडत होता, तो फोटो पेनी स्मिथनं काढला, आणि तिला तो नकोच होता कारण फोकस गेलेला, पण बँडनं ऐकलं नाही, रेकॉर्डच्या कव्हरवर लावला, आज जगात तो फोटो माहीत नाही असा रॉकवाला सापडायचा नाही. "फोटोग्राफरला काय कळतं काका," असं हसत हसत म्हणाला लेकाचा.

तसं बघितलं तर एकाच माणसाची दोन रूपं, हे आपल्या गावात आधीच होऊन गेलंय. इंदूरचे शेवटचे महाराज यशवंतराव होळकर आठव. मोन्वेल नावाच्या फ्रेंच चित्रकारानं 1929 मध्ये त्यांना पाश्चात्त्य इव्हनिंग ड्रेसमध्ये रंगवलं, आणि काही वर्षांनी त्याच चित्रकारानं त्यांनाच मराठेशाही पोशाखात, पगडी-हिऱ्यांसकट. शिवाय मॅन रे या फोटोग्राफरनं काढलेले त्यांचे आणि संयोगिताबाईंचे फोटो आहेत, त्यात राजा-राणी कुठे दिसत नाहीत, मजेत असलेलं तरुण जोडपं दिसतं. मला विचारशील तर मला मॅन रेवाले जास्त आवडतात, पण पगडीवालं चित्र खोटं आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही. म्हणून दोन्ही फाइली त्याला पाठवल्या, कुठला कुठे लावायचा ते त्याचं तो बघेल. प्रिंट मात्र मी दुसऱ्याचाच काढणार, मॅट कागदावर, यावर चर्चा नाही.

आता कामाचं. पोरगा परत येतोय, त्याच कॅफेत वाजवणार आहे आणि मला बोलावलंय. जागा म्हणजे एक अरुंद खोली, छताला दोन लाल दिवे, बाकी अंधार. उपलब्ध प्रकाशात काढायचा हट्ट मी तिथे धरणार नाही. कॅरन नॉर आणि ओलिव्हिए रिशाँ या दोघांनी 1976-77 मध्ये लंडनच्या रॉक्सीसारख्या क्लबांत सरळ तोंडावर फ्लॅश मारून पंक पोरांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढलेत, पोरं कॅमेऱ्याकडे बघत उभी, लपवाछपवी नाही, घामसुद्धा दिसतो. मला तसं करून बघायचंय. तुझ्या माळ्यावर तो जुना फ्लॅश पडलाय ना, मान न वळणारा, ज्याला तू शिव्या द्यायचास? सेल टाकून बघ पेटतो का, आणि पेटत असेल तर कुरियर कर, पैसे मी देतो. कॅमेऱ्याच्या हॉट शूत बसणाऱ्या त्याच्या पायाची पट्टी गंजली असेल तर खोडरबर घास, सँडपेपर लावू नकोस.

वहिनींना नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सराफ्यातला रेंगाळ्या