"अखेर खरी आई भेटली" या हेडिंगबद्दल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात तो फोटो आला ना, दत्तक गेलेली एक बाई आणि तिला जन्म देणारी बाई, एअरपोर्टवर एकमेकींच्या गळ्यात पडून रडतायत, वरती मोठ्या अक्षरात "अखेर खरी आई भेटली", तो फोटो मला एका सकाळी चार जणांनी व्हॉट्सॅपवर पाठवला. चौघांनाही माहितीये की मी दत्तक आहे, प्रत्येकाने सोबत रडका इमोजीही टाकला होता. पाचवी प्रत घरातच होती, माझ्या आईच्या हातात. ती ७९ वर्षांची आहे. चष्मा लावून तिने ते हेडिंग दोनदा वाचलं, पेपरची घडी घातली आणि म्हणाली, "फोटो छान आलाय." बस, एवढंच. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी ५१ वर्षांची आहे. दत्तक आहे हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं, घरात लपवालपवी कधीच नव्हती. आणि ज्या बाईने मला जन्म दिला तिला मी सहा वर्षांपूर्वी शोधलं, भेटले, अजूनही भेटते. तर आधी हेडिंगचं बोलते. "खरी" म्हटलं की दुसरी आपोआप खोटी ठरते हो, तुम्हाला तसं म्हणायचं नसेल पण वाचणाऱ्याला तेच ऐकू येतं. मला टायफॉइड झाला तेव्हा रात्र रात्र उशाशी बसलेली बाई खोटी कशी? आणि जिने एकोणिसाव्या वर्षी मला जन्म दिला आणि कागदावर सही करून परत गेली, तीही खोटी नाहीये. "जन्म देणारी आई" म्हणा ना. हेडिंगमध्ये एक शब्द वाढेल, पण बसवा कसाही.

मग लोकांचा पुढचा ठरलेला प्रश्न, शोधायचं कशाला, घरात काही कमी होतं का? काही कमी नव्हतं. पण या प्रश्नाची धास्ती एवढी असते की कित्येक जण आईवडील असेपर्यंत विषयच काढत नाहीत. स्टीव्ह जॉब्ज दत्तक होते हे माहीत असेल तुम्हाला. ज्या क्लारा जॉब्ज यांनी त्यांना वाढवलं त्या १९८६ मध्ये गेल्या आणि त्यानंतरच त्यांनी जन्म देणाऱ्या आईशी संपर्क केला, क्लारांना वाईट वाटू नये म्हणून तोवर थांबले. मग त्यांना एक सख्खी बहीण सापडली, मोना सिम्पसन, लेखिका आहेत, तिच्याशी त्यांचं शेवटपर्यंत जमलं. पण जन्म देणाऱ्या वडिलांना मात्र भेटायला ते कधी तयार झाले नाहीत. म्हणजे बघा, एकच माणूस, एकच शोध, आणि त्यातच कुणी हवंय आणि कुणी नकोय. बातमीत हे "नकोय" कधी येत नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी सगळ्यांना सांगितलं की डॉक्टरांनी घरची मेडिकल हिस्टरी विचारली, डायबेटीस, बीपी, कॅन्सर, आणि मला काहीच सांगता आलं नाही म्हणून शोध घेतेय. हे खोटं नव्हतं, तो फॉर्म भरताना दर वेळी पेन अडायचंच. पण ते कारण मी पुढे केलं कारण ते ऐकलं की लोक गप्प बसतात. आतलं कारण वेगळं होतं. माझी मुलगी झाली तोपर्यंत माझ्यासारखा दिसणारा एकही माणूस मी जन्मात बघितलेला नव्हता. तुम्ही लग्नकार्यात ऐकत असाल, "अगदी आत्यावर गेलीये", "नाक बापाचं", मी असल्या वाक्यांच्या वेळी पाणी प्यायला उठून जायचे. आईला सगळ्यात शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "जा की. पण तिला काय म्हणशील?" तेव्हा मला वाटलं होतं किती साधा प्रश्न आहे.

फाईल मिळायला चौदा महिने लागले. संस्थेचं नाव लिहीत नाही. आधी सांगितलं रेकॉर्ड पावसात भिजलं, मग म्हणाले संबंधित मॅडम रिटायर झाल्या, मग एका नवीन मुलीने अर्ध्या तासात कपाटातून काढून समोर ठेवलं. दोन कागद होते, एक तर कार्बन कॉपी, अक्षरं जांभळी आणि फुटलेली. नावाच्या ओळीवर तिने पट्टी धरून ठेवली होती, नियमाप्रमाणे, आणि तिचा हात थरथरत होता, बिचारी. वजन २ किलो १५०. आईचे वय १९. त्याखाली रकाना, "मूल देण्याचे कारण", आणि तिथे एकच शब्द, "परिस्थिती".

एवढंच. पंचेचाळीस वर्षांचा प्रश्न आणि उत्तर एका शब्दात.

तेव्हापासून मी वेड्यासारखे जगभरातले कायदे वाचत आलेय. स्कॉटलंडमध्ये १९३० मध्ये दत्तकाचा कायदा झाला तेव्हापासूनच मोठ्या झालेल्या मुलाला आपला मूळ जन्मदाखला, म्हणजे जन्म देणाऱ्या आईचं नाव असलेला, बघता येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो हक्क १९७५ च्या कायद्याने आला, आणि त्यावेळी केवढी ओरड झाली की आता दत्तक गेलेली मुलं जन्म देणाऱ्या बायकांच्या दारात जाऊन उभी राहणार, त्यांचे संसार मोडणार. म्हणून जुन्या केसेसना आधी समुपदेशकाला भेटणं सक्तीचं केलं. दारात उभं राहण्याची लाट काही आली नाही. न्यूझीलंडने १९८५ च्या कायद्यात दुसरी वाट काढली, जुन्या केसेसमध्ये आईला माहिती देऊ नका असा व्हेटो नोंदवता येतो, तो दहा वर्षं चालतो, पुन्हा वाढवता येतो. आयर्लंडला २०२२ उजाडावं लागलं, पण तिथे आता आईने संपर्क नको म्हटलं तरी तुमचा जन्मदाखला तुम्हाला मिळतो, फक्त आधी एकदा तुमच्याशी बोलून तिची इच्छा तुम्हाला सांगतात. मला हे फार पटलं. कागद माझा, भेटायचं की नाही ते तिचं, दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात. अमेरिकेत बहुतेक राज्यांनी मूळ दाखले सीलबंद करून टाकले होते, न्यूयॉर्कने २०२० मध्ये उघडले, म्हणजे परवापरवा. आपल्याकडे २०२२ च्या दत्तक नियमावलीत रूट सर्चचा, म्हणजे आपण कुठून आलो ते शोधण्याचा, नियम आहे, १८ पूर्ण झालेल्याला स्वतः अर्ज करता येतो, तिसऱ्या कुणाला तुमच्या वतीने शोध घेता येत नाही, आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची लेखी संमती लागते, आणि तिने नाही म्हटलं किंवा ती सापडलीच नाही तरी मूल का दिलं, कुठल्या परिस्थितीत दिलं, ते मुलाला सांगायचं. वाचायला किती छान. पण रकान्यातच कुणी एक शब्द लिहून मोकळं झालं असेल तर सांगणारा तरी काय सांगणार? त्यामुळे माझं भांडण नियमाशी कमी आणि त्या रकान्याशी जास्त आहे. आज कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी हा फॉर्म भरत असेल, त्यांना हात जोडून सांगणं आहे की बाई समोर बसलीये तोवर चार ओळी जास्तीच्या लिहा.

आणि माझं नशीब म्हणायचं की जे होतं ते खरं होतं. दक्षिण कोरियातून १९५० च्या दशकापासून साधारण २ लाख मुलं परदेशात दत्तक गेली, आणि मार्च २०२५ मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगानेच सांगितलं की आईबाप जिवंत असलेल्या मुलांना कागदावर अनाथ दाखवलं, ओळखी बदलल्या. असा माणूस पन्नाशीत फाईल उघडतो आणि ती दुसऱ्याच कुणाची निघते. अर्जेंटिनात तर लष्करी राजवटीत, १९७६ ते १९८३, कैदेतल्या बायकांची बाळं चोरून दुसऱ्या घरांत दिली, कागद नावालाच. तिथल्या आज्यांनी १९७७ पासून नातवंडं शोधायला घेतली, आईबाप मारलेले, मग ताडून बघायचं कुणाशी? शास्त्रज्ञांनी आजीच्या रक्तावरून नातू ओळखायची पद्धत बसवली, १९८७ मध्ये सरकारी जनुक बँक सुरू झाली, आणि आत्तापर्यंत १४० च्या आसपास नातवंडं सापडलीत. आज आपण जी डीएनए टेस्ट गिफ्ट म्हणून मागवतो तिच्यामागे या आज्या पण आहेत.

डीएनएचं मात्र मला जरा वाकडं आहे. मी केली नाही. आमच्या दत्तक लोकांच्या ग्रुपमधल्या एकाने केली, थुंकी नळीत घालून पाठवली, महिन्याभरात रिझल्ट, एक चुलत भाऊ किंवा बहीण, साडेबारा टक्क्यांच्या आसपास जुळतंय. आई किंवा वडील असते तर ५० टक्के, आई किंवा बाप एकच असलेली सावत्र भावंडं साधारण २५, असा हिशोब असतो. याने रात्री दोन वाजता त्या चुलत भावाला मेसेज टाकला, त्याने सकाळी फॅमिली ग्रुपवर विचारलं, "हा कोण?" संपलं. याला जन्म देणाऱ्या बाईला कुणी विचारलंच नाही. तिने पस्तीस वर्षं जे सांभाळलं ते नाश्त्याच्या वेळेला बाहेर पडलं. कायद्यात व्हेटो असतो, संमती असते, मधला माणूस असतो, नळीत यातलं काही नसतं. तो मित्र आता म्हणतो, एक दिवस थांबलो असतो तर.

मी मला जन्म देणाऱ्या बाईला पत्र लिहिलं, मधल्या समाजसेविकेमार्फत. उत्तराला अकरा महिने लागले. "एकदा भेटेन. घरी येऊ नये." आमची भेट त्यांच्या ऑफिसात झाली, पंख्याचा आवाज येत होता, फोटो काढायचा नाही हे आधीच ठरलेलं. ती आली, मी उठले, आणि ती म्हणाली, "बसा ना. तुम्हाला यायला त्रास नाही ना झाला?"

अहो-जाहो. मी काय काय कल्पना केली होती, रडेल, ओरडेल, ओळखणारच नाही. हे डोक्यातच आलं नव्हतं. मीही मग अहो-जाहो. चाळीस मिनिटं आम्ही दोघी बँकेत भेटल्यासारख्या बोललो. तुमची मुलगी कितवीत आहे, तुमची शुगर कंट्रोलमध्ये आहे का. (आहे शुगर, फॉर्मवर लिहायला मिळाली एकदाची.) ती पर्स मांडीवर घेऊन, पट्टा उजव्या हाताला दोन वेढे देऊन बसली होती, शेवटपर्यंत सोडला नाही. निघताना मी खाली बघितलं तर माझ्याही पर्सचा पट्टा माझ्या उजव्या हाताला दोन वेढे. पन्नास टक्के म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

आता ते, जे तुमच्या फोटोनंतर होतं आणि तुम्ही छापत नाही. पहिले दीड-दोन महिने आम्ही रोज फोनवर. या क्षेत्रातली माणसं त्याला चक्क हनिमून म्हणतात. झोप लागत नाही, घरच्यांकडे लक्ष नसतं, माझा नवरा म्हणाला तू कॉलेजातल्या पोरीसारखी वागतेयस. मग एक दिवस तिने फोन उचलणं बंद केलं. एक आठवडा, एक महिना, साडेतीन महिने. मला वाटलं, दुसऱ्यांदा सोडलं. हेच शब्द आले डोक्यात. समाजसेविका म्हणाल्या, थांबा, हे बहुतेकांचं होतं, ती एकोणीस वर्षांची असताना जे रडायचं राहिलं ते आता रडत असेल. त्या काळात मला धरून ठेवलं ते माझ्या आईने. रोज संध्याकाळी विचारायची, "आला का तिचा फोन?" हे मी त्या चारही इमोजीवाल्यांना सांगू इच्छिते, तिचा फोन यावा म्हणून माझी "खोटी" आई वाट बघत होती.

फोन आला एकदाचा. काही स्पष्टीकरण नाही, मीही मागितलं नाही. "परिस्थिती" म्हणजे काय हे मी अजून विचारलेलं नाहीये, तिने आपणहून तुकड्या-तुकड्यात थोडं सांगितलंय, ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. अहो-जाहो चालूच होतं, वर्षानुवर्षं. मग मागच्या दिवाळीच्या आधी बोलता बोलता तिच्याकडे दाराची बेल वाजली आणि ती घाईघाईत म्हणाली, "अगं ठेव आता, आली वाटतं सून." आणि फोन कट. मी तशीच फोन धरून उभी. अगं. तिच्या लक्षातही आलं नसेल.

तर संपादक साहेब, एकच मागणं आहे. फोटो छापा, आनंदाची बातमी आहे, छापायलाच हवी. पण त्याच दोन बायकांकडे दोन वर्षांनी परत जा. त्या बोलतायत का, काय हाक मारतात, तिसरी बाई, जिने वाढवलं ती, कशी आहे, ते विचारा. त्यांनी "नको" म्हटलं तर तेही छापा, दोन ओळीत, आतल्या पानावर चालेल.

आणि माझं नाव-गाव कृपया छापू नका. तिच्या मोबाइलमध्ये मी अजून "टेलर" म्हणून सेव्ह आहे.

आपली,
एक वाचक