शिल्प हलके म्हणून पाया उथळ : परभणीच्या उद्यानातील सदोष कामाबद्दल तक्रार

दिनांक : ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सार्वजनिक शिल्पे व उद्यान-सजावट विभाग

विषय : परभणी येथील वसाहतीच्या उद्यानातील ज्वारीचे कणीस-शिल्प, बारव-भिंत व खेळण्याचा बैल यांच्या सदोष कामाबाबत, पायापासून दुरुस्ती करून मिळणेबाबत.

संदर्भ : आपले १८ ऑगस्ट २०२५ चे उत्तर.

महोदय,

आमच्या जुलैमधील तक्रारीला आपण तीन ओळींत उत्तर दिले आहे. कणीस कलले ते समितीने हिरवळीला जास्त पाणी दिल्यामुळे, भिंतीच्या टाइल निघाल्या त्या मुलांनी उचकटल्यामुळे आणि रंग फिका पडला तो उन्हामुळे. सबब हे पाच वर्षांच्या हमीत बसत नाही. यातले एकही कारण आम्हाला मान्य नाही. का मान्य नाही ते मोजमापांसह लिहीत आहोत. आपल्या अभियंत्यांनी हे पत्र जागेवर उभे राहून वाचावे.

आधी पाया, कारण सर्वांत मोठा दोष तिथे आहे. १३ सप्टेंबरला आपल्या साइट सुपरवायझरसमोर कणसाच्या चौथऱ्यालगत खड्डा घेतला. मंजूर नकाशात फुटिंगचा (पायाच्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा) तळ जमिनीखाली २.१ मीटरवर दाखवला आहे. प्रत्यक्षात काँक्रीट ४५० मिमीवर, म्हणजे दीड फुटावर संपले. खाली पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर) नाही, सोलिंग (दगडांची भर) नाही, मुरमाचा थर नाही. थेट काळी माती. तीच माती १.९ मीटरपर्यंत सलग लागली आणि मग पिवळसर मुरूम आला. म्हणजे नकाशा बरोबर होता. ज्याने तो काढला त्याला परभणीची जमीन ठाऊक होती. ज्याने पाया खोदला त्याने नकाशा उघडला नाही.

हे काम फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. त्या दिवसांत वरची काळी माती सुकून अशी टणक होते की पहार मारली तर खणकन वाजते. बाहेरून आलेल्या माणसाला कठीण जमीन लागली असे वाटते. तीच माती जुलैत लोण्यासारखी होते आणि फुगते. मे महिन्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आमच्याकडे दोन खोल्यांचे घर बांधणारा गवंडीसुद्धा मुरूम लागल्याशिवाय पाया भरत नाही, तो याच कारणासाठी.

आपल्या अभियंत्यांनी फोनवर सांगितले की कणीस फायबरचे, वजन जेमतेम ३८० किलो, एवढ्याला सात फूट पाया कशाला. सगळ्या कामाची गफलत या एका वाक्यात आहे. साध्या जमिनीत हलक्या वस्तूला उथळ पाया चालतो, कारण तिथे भीती खचण्याची असते. काळ्या मातीत भीती उचलले जाण्याची असते, आणि हलकी वस्तूच आधी उचलली जाते. हिशोब करून पाहावा. १.२ बाय १.२ मीटरचे ४५० मिमी जाड फुटिंग साधारण १.६ टन, वरचा ०.९ मीटर चौरस आणि ०.६ मीटर उंच चौथरा १.२ टन, शिल्प ०.३८ टन. एकूण सव्वातीन टनांच्या आत-बाहेर, आणि तळाचे क्षेत्र १.४४ चौरस मीटर. म्हणजे मातीवर दाब पडतो चौरस मीटरला सव्वादोन टन. फुगणाऱ्या काळ्या मातीचा वर ढकलण्याचा दाब याच्या कित्येक पट असू शकतो. तीन मजली इमारत त्याला काही प्रमाणात दाबून धरते. आपले कणीस धरू शकत नाही.

आता हिरवळीच्या पाण्याविषयी. चौथऱ्याच्या उत्तरेला हिरवळ आहे, दक्षिणेला पेव्हर ब्लॉकची वाट. हिरवळीकडची माती ओली राहते, फुगते आणि फुटिंगची ती कड वर उचलते. वाटेखालची माती उन्हाळ्यात सुकून बसते. म्हणून कणीस वाटेकडे झुकले. ओळंबा लावला तेव्हा ४.२ मीटर उंचीत ५५ मिमी फरक आला. हे आपल्या सुपरवायझरने स्वतः मोजून वहीत सही केली आहे. पण ती हिरवळ समितीने आपल्या मनाने लावलेली नाही. आपल्याच नकाशाच्या तिसऱ्या पानावर ती चौथऱ्यापासून ३०० मिमीवर आणली आहे आणि तिथेच दोन फवारे दाखवले आहेत. परभणीच्या उन्हात हिरवळ पाण्याशिवाय जगत नाही, हे ती आखताना माहीत हवे होते. आणि पाणी एक थेंबही दिले नसते तरी मृगाचा पाऊस थांबला नसता.

शिल्प कलले म्हणून नुसती बेसप्लेट सैल करून खाली पॅकिंगच्या पट्ट्या सरकवू, हा आपला प्रस्ताव आम्ही नाकारतो. पुढच्या उन्हाळ्यात माती पुन्हा बसेल आणि त्याच पट्ट्या उलट्या नडतील. शिवाय वाऱ्याचा प्रश्न आहे. ४.२ मीटर उंच, वरच्या बाजूला भरदार असलेली वस्तू पाया उलटा फिरवू पाहते. भारतीय मानक आयएस ८७५ भाग ३ प्रमाणे वाऱ्याचा हिशोब आणि स्थिरता प्रमाणपत्र देण्याचे करारात आहे. ते आम्हाला आजवर मिळालेले नाही.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने हवी तेही लिहून देतो. शिल्प क्रेनने उतरवून सावलीत आडवे ठेवावे. जुना चौथरा काढावा. मुरमात किमान ३०० मिमी आत जाईपर्यंत, म्हणजे इथे सुमारे २.२ मीटर खोदावे. १०० मिमी पीसीसी, त्यावर एम २५ प्रतीच्या काँक्रीटचे फुटिंग, गजांवर ५० मिमी काँक्रीटचे कव्हर, आणि किमान १० दिवस क्युरिंग. कोरड्या उष्ण हवेसाठी आयएस ४५६ एवढे सांगतेच. खड्डा भरताना निघालेली काळी माती परत टाकायची नाही. मुरूम १५० मिमीच्या थरांत, पाणी मारून, धुम्मसने ठोकून भरायचा. चौथऱ्याभोवती १.५ मीटर रुंद फरशी, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. हिरवळ आणि फवारे तिच्या पलीकडे. एवढे खोदकाम नको असेल तर अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत ओतलेला, खाली फुगीर असा काँक्रीटचा खांब) हा पर्याय आम्हाला चालेल, पण खोल काळ्या मातीत त्याची लांबी ३.५ मीटरपेक्षा कमी असू नये आणि चौथऱ्याचा तळ मातीला टेकू नये. मध्ये फुगायला मोकळी जागा हवी.

बारव-भिंतीचे दुखणे वेगळे आहे. ९ मीटर लांबीच्या त्या वळणदार बाक-भिंतीवर पायऱ्यांच्या बारवेचे चित्र तुकड्या-टाइलच्या मोझेकमध्ये केले आहे. चित्र उत्तम आहे, ते आम्ही आजही म्हणतो. पण १४ जूनपासून आजपर्यंत सुमारे २.३ चौरस मीटर मोझेक खाली आले. पडलेला तुकडा उलटा करून पाहावा. प्रत्येकाच्या पाठीवर जाळी आहे आणि जाळीवर अधूनमधून सुपारीएवढे चिकटमालाचे गोळे. बाकीची पाठ कोरी, बोट फिरवले तर गुळगुळीत. भिंतीवर त्याच जागी गोळ्यांचे ठसे आणि मधल्या पोकळीत ओलाव्याचा काळपट डाग. मुलांनी उचकटलेली टाइल अशी निघत नाही. ती तुटते किंवा गिलावा घेऊन येते.

यात तीन चुका एकमेकींवर चढल्या आहेत. कारखान्यात तुकडे जाळीवर चिकटवताना सुतारकामाचा पांढरा गोंद वापरला गेला. आम्ही चार तुकडे रात्रभर पाण्यात ठेवले, सकाळी गोंद दुधाळ होऊन बोटाने पुसला गेला. उघड्यावरच्या मोझेकला तो चालत नाही. तिथे पाण्यात न विरघळणारा गोंद हवा, नाहीतर तुकडे दर्शनी बाजूने कागदावर चिकटवून पाठ मोकळी ठेवायची आणि बसवल्यावर कागद ओला करून काढायचा. दुसरी चूक, चिकटमाल दातेरी थापीने सलग न पसरता गोळ्यांनी लावला. बाहेरच्या कामात पाठीचा जवळजवळ सगळा भाग चिकटलेला हवा, कारण पोकळी राहिली की पाणी साठते. तिसरी चूक वेळेची. बसवणी एप्रिलच्या भर दुपारी झाली. भिंतच तापलेली असताना चिकटमालावर काही मिनिटांत साय धरते, आणि सायीवर दाबलेली टाइल धरल्यासारखी वाटते, धरत नाही. हे काम सकाळी नऊच्या आत, भिंतीवर जाळी-कापडाची सावली करूनच करायचे असते. त्याच वेळी आम्ही कारागिरांना तसे सांगितले होते. त्यांना उरकायची घाई होती, कारण हस्तांतराची तारीख आपण त्यांना दिली होती.

भिंतीत सांधाही नाही. ९ मीटरची सलग भिंत, तीही उथळ पायावर, कुठेतरी फुटणारच होती. ती तिसऱ्या पायरीच्या चित्रावरून उभी फुटली आहे, तळाशी ३ मिमी आणि माथ्याशी ८ मिमी. माथ्याशी रुंद होणारी चीर म्हणजे भिंतीचा मध्य उचलला गेला किंवा टोके खाली बसली. वरून पुट्टी भरून रंग मारल्याने ती थांबणार नाही. पाया दुरुस्त करून दर ३ मीटरला आरपार सांधा सोडावा, मोझेकमधला सांधा बरोबर त्याच रेषेवर आणावा आणि पॉलियुरेथेन सीलंटने भरावा. चित्रातल्या पायऱ्यांच्या कडांवर हे सांधे सहज लपतात. मूळ रेखाटनात चित्रकर्तीने तशा उभ्या रेषा ठेवलेल्याही होत्या, त्या बसवताना गाळल्या गेल्या. आणि नव्या तुकड्यांसाठी चकाकीच्या भिंत-टाइल नकोत, त्या पाणी पितात. व्हिट्रिफाइड घ्यावी.

आता कणसाचा रंग. १६ महिन्यांत तळहात फिरवला की पांढरी पूड लागते आणि दक्षिणेच्या बाजूला काचतंतूंचे धागे वर आले आहेत. ते मुलांच्या हाताला टोचतात. ऊन लागते हे खरे. पण ऊन परभणीत आज आलेले नाही. दरपत्रकात अतिनील-रोधक जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा संरक्षक थर) आणि त्यावर दोन घटकांचा पॉलियुरेथेन लेप लिहिला आहे. रिकाम्या डब्यांवरून दिसते की साधा सिंथेटिक इनॅमल मारला. आतल्या लोखंडी सांगाड्याची स्थिती याहून काळजीची आहे. सुपरवायझरच्या संमतीने सर्वांत खालच्या दाण्यांच्या ओळीशी ८ मिमीचे भोक पाडले, तेव्हा तांबडे पाणी धार धरून वाहू लागले आणि बादलीत ११ लिटर भरले. वरच्या जोडातून पाणी आत जाते, खाली निचऱ्याचे भोकच नाही. सांगाडा झिंकमध्ये बुडवून गॅल्व्हनाइझ करायचा होता. ५ मिमी आणि त्यावरच्या जाडीला आयएस ४७५९ प्रमाणे चौरस मीटरला ६१० ग्रॅम झिंक लागते. भोकातून दिवा टाकून पाहिले तर वेल्डिंगच्या जागी तांबड्या प्रायमरचा एक हात आहे, बाकी गंज.

याच संदर्भात एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. उत्तरासोबत आपण 'सोनेरी रंगाचा नवीन लूक विनामूल्य' असे सुचवले आहे. हे कणीस 'परभणी मोती' या वाणाचे आहे. इथल्या कृषी विद्यापीठाने दिलेल्या त्या ज्वारीचा दाणा मोत्यासारखा पांढरा आणि टपोरा असतो, आणि शिल्पकाराने महिनाभर रंगाचे नमुने उन्हात ठेवून ती छटा निवडली होती. सोनेरी केले की ते कुठल्याही गावचे, कुठल्याही चौकातले कणीस होईल. शिवाय हा अधिकार आपलाही नाही आणि आमचाही नाही. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ५७ नुसार स्वतःच्या कृतीची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड किंवा बदल झाल्यास कलाकार दाद मागू शकतो. विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या बाजूने निकाल दिला, तो याच कलमावर. शिल्पकाराच्या लेखी संमतीशिवाय ब्रश लावू नये.

खेळण्याच्या बैलाबाबत थोडक्यात. शिंग आणि मान यांमधली फट १४० मिमी आहे. ८९ ते २३० मिमीच्या फटीत मुलाचे अंग जाते आणि डोके अडकते, म्हणून खेळाच्या साधनांत ती ठेवत नाहीत. ती भरून काढावी. बैलाखाली ३०० मिमी वाळू ठरली होती. ७५ मिमी आहे आणि खाली काँक्रीट. तूर्त आम्ही बैल दोरी बांधून बंद ठेवला आहे. पोळ्याला मुले त्याला झूल घालायला आली होती, त्यांना परत पाठवावे लागले. दिव्यांच्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि कणसाच्या सांगाड्याला अर्थिंग, दोन्ही बिलात आहेत, जागेवर नाहीत. हे मात्र आठ दिवसांच्या आत करावे. त्याला खोदकामाची वाट पाहायची गरज नाही.

पैशांची स्थिती अशी. करार १० लाख अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ११,८०,००० रुपये. आपल्याला १०,६२,००० पोचले आहेत. हे पैसे घराघरातून वर्गणीने जमले आहेत. राखून ठेवलेले १,१८,००० आपण मागत आहात. कराराच्या अकराव्या कलमाप्रमाणे स्थिरता प्रमाणपत्र आणि देखभाल-पुस्तिका मिळाल्यावरच ते द्यायचे आहेत, त्यामुळे ते आम्ही रोखून धरले आहेत असे म्हणता येणार नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपले स्थापत्य अभियंता जागेवर यावेत. खड्डा आम्ही पत्र्याने झाकून तसाच ठेवला आहे. त्यानंतर ३० दिवसांत पायाचा नवीन नकाशा आणि कामाचे वेळापत्रक द्यावे. खोदकाम डिसेंबर-जानेवारीत, मोझेक फेब्रुवारीअखेर, मार्चनंतर काहीही चिकटवायचे नाही. हे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली परभणीच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करू. हस्तांतर मे २०२४ चे असल्याने दोन वर्षांच्या मुदतीत आम्ही आहोत, आणि तक्रारदार जिथे राहतो तिथे ती दाखल करता येते.

खड्ड्याची आणि ओळंब्याची छायाचित्रे, सुपरवायझरच्या सहीच्या वहीची प्रत, आणि पिशवीत बांधलेले मोझेकचे सहा तुकडे सोबत पाठवत आहोत. तुकडे उलटे करून पाहावेत.

आपले,
अध्यक्ष, सचिव व तांत्रिक उपसमिती,
वसाहत उद्यान समिती, परभणी